वायपर थांबला की गाडीही थांबवा
(गणेशोत्सवातील कौटुंबिक कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा लेखी मजकूर)



गणपतीसमोर आजवर आपण कीर्तनं ऐकली, आरोग्यावरची व्याख्यानं ऐकली. आज मी बोलणार आहे गाडीच्या वायपरबद्दल. हसू येईल, मला ठाऊक आहे. पण आपल्या राजपुऱ्यातून दरवर्षी किती कुटुंबं जुन्या मिनीबसमधून देवदर्शनाला निघतात, ते आठवा. कोणी शेगावला, कोणी मुक्ताईनगरला, कोणी ओंकारेश्वरला. गाडी जुनी, मंडळी दहा-पंधरा, त्यात म्हातारी माणसं आणि लहान मुलं. आणि निघायचे दिवस आषाढ-श्रावणाचे, म्हणजे भर पावसाचे.

मी काही मोटार मिस्त्री नाही. डिप्लोमा यंत्रांचा आणि नोकरी सरकारी कागदांची, असा माणूस. पण एका रात्रीनं मला या विषयात शिरायला लावलं. ती हकीकत आधी सांगतो.

आमच्या चुलतभावानं, म्हणजे दादानं, एक जुनी मिनीबस घेतली होती. मागची काही आसनं काढून झोपायला फळ्या टाकल्या, गॅसच्या शेगडीची जागा केली, छताला तीन पंखे लावले, मोबाईल चार्ज करायची सोय केली. वरून नवा रंग दिला. परदेशात ज्याला मोटारहोम म्हणतात, तसं आमचं घरगुती फिरतं घर झालं. एकच खोड होती. पावसात वायपर मध्येच मंदावायचा. दादानं एका गॅरेजात दाखवलं. तिथं सांगितलं, मोटर गेली. अडीच हजार देऊन नवी मोटर बसली. मिस्त्रीनं दोन मिनिटं वायपर चालवून दाखवला, झकास चालला.

श्रावणात ओंकारेश्वरला गेलो. परतताना खंडवा सोडलं आणि पाऊस लागला. अंधार पडलेला, समोरून ट्रक, प्रत्येक ट्रक काचेवर चिखलाचं पाणी उडवून जाणारा. बोरगाव मागे पडलं आणि वायपर पुन्हा मंदावला. अशीरगडाच्या वळणांच्या अलीकडे तो काचेच्या मधोमध थांबला. दादा म्हणाला, "ओळखीचा रस्ता आहे, हळूहळू काढू. तासाभरात घरी." मागून आत्या म्हणाली, "अरे, तुझ्या ओळखीचा रस्ता आहे, समोरच्या ट्रकवाल्याच्या ओळखीचा तू आहेस का? थांबव आधी गाडी."

दादा चिडला, पण त्यानं ढाब्याच्या आवारात गाडी घेतली. मी आजही म्हणतो, त्या रात्री आम्हां चौदा जणांना आत्यानं घरी आणलं. ताशी चाळीसच्या वेगानं गाडी एका सेकंदात अकरा मीटर पुढे जाते. काचेतून दिसत नसेल तर तीन सेकंदांत तेहतीस मीटर आपण आंधळ्यासारखे जातो. घाटात तेवढं अंतर पुष्कळ झालं.

आता दोष कसा सापडला, ते ऐका. तोही आत्यानंच दाखवला. ती म्हणाली, "वायपरबरोबर पंखेसुद्धा मंदावत होते." मला तिथंच चमकलं. मोटर नवी, तरी वायपर मंद. आणि पंख्यांचा वायपरच्या मोटरशी काही संबंध नाही, तरी तेही मंद. म्हणजे दोष दोघांच्या सामायिक वाटेवर असणार.

बॅटरीच्या एका टोकाकडून वीज तारेतून मोटरपर्यंत येते आणि परत जाते ती गाडीच्या लोखंडी अंगातून. या परतीच्या जोडाला आपण अर्थ म्हणतो. वायपरची मोटर आवाज होऊ नये म्हणून रबरावर बसवलेली असते, त्यामुळे तिच्यापासून अंगापर्यंत वेगळी अर्थची तार लागते. आमच्या गाडीत ही तार आणि नव्या पंख्यांची तार एकाच बोल्टखाली कसली होती. आणि रंग देताना त्या बोल्टखालच्या पत्र्यावरही रंग बसला होता. रंगातून वीज जात नाही. कडेला जेमतेम जिथं धातू टेकत होता, तिथून ती कशीबशी जात होती.

हिशेब साधा आहे. वायपरची मोटर पाच अँपिअर घेते असं धरा. जोडाला फक्त अर्धा ओहम अडथळा आला तरी अडीच व्होल्ट तिथंच खर्च होतात. घरच्या 230 व्होल्टमध्ये अडीच गेले तर कळतही नाही. गाडीच्या 12 व्होल्टमध्ये ते फार होतात. त्यात पंख्यांचाही भार त्याच जोडावर. पावसात आम्ही खिडक्या लावतो, काच धुरकटू नये म्हणून पंखे लावतो, दिवे लावतो. म्हणजे जोडावर सर्वांत जास्त भार पडतो तो नेमका वायपर हवा असतो तेव्हा! गॅरेजात दिवसा, पंखे बंद ठेवून, दोन मिनिटं चालवला. तिथं दोष दिसणार कसा? ढाब्यावर टॉर्चच्या उजेडात बोल्ट काढला, पत्रा घासून चकचकीत केला, पंख्यांची तार वेगळी काढून ठेवली आणि बोल्ट आवळला. वायपर धावू लागला. तरीही पाऊस ओसरेपर्यंत आम्ही निघालो नाही. अडीच हजारांची मोटर बदलली, आणि दोष निघाला एका बोल्टखाली.

म्हणून माझं पहिलं सांगणं, मोटर बदलण्याआधी तपासणी स्वस्तापासून महागाकडे करा. लिंकजवळ हात घालण्याआधी मात्र फ्यूज काढून ठेवा. वायपर अचानक सुरू झाला तर बोट चेचतं.

वायपर चालू करून आधी कान द्या. आवाजच येत नसेल तर फ्यूज बघा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही घालू नका. त्यानं गाडी पेटते. नवा फ्यूजही उडाला तर कुठंतरी लिंक अडकली आहे किंवा तार उघडी पडली आहे. फ्यूज शाबूत असेल तर टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या उणे टोकाला लावा आणि वायपर चालू ठेवून मोटरच्या प्लगवर टोक टेकवा. दिवा लागला नाही तर दोष स्विचमध्ये किंवा तारेत. दिवा लागला तर मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या उणे टोकापर्यंत एक जाड तार तात्पुरती जोडा. वायपर पळाला तर अर्थ खराब. तरीही हलला नाही, तर मग मोटरकडे वळा. बहुधा आतले कार्बन झिजलेले असतात. मंद वेगावर चालत नाही पण जलद वेगावर चालतो, असं असेल तर मंद वेगाचा कार्बन किंवा स्विच बघा.

मोटरचा आवाज येतो पण दांडे हलत नाहीत, तर दांड्याच्या बुडाची नट ढिली झाली आहे किंवा लिंकचा गोळा वाटीतून निसटला आहे. एकच दांडा चालत असेल तरी कारण हेच. जुन्या गाड्यांत ही प्लास्टिकची वाटी उन्हानं कडक होऊन फुटते.

वायपर चालतो पण मंद, तर लिंक मोटरपासून सोडवा. एकटी मोटर जोरात फिरली तर दांड्याची स्पिंडल गंजून जाम झाली आहे. साफ करून ग्रीस द्या. एकटी मोटरही मंद असेल तर अर्थ आणि जोड बघा. स्विच बंद केल्यावर वायपर खाली न बसता मध्येच थांबत असेल, तर मोटरमधला पार्किंगचा संपर्क खराब आहे.

आणि वायपर नीट चालूनही काच पुसत नसेल तर विजेचा दोष शोधू नका. आपल्या उन्हाळ्यात रबर कडक होतं. दरवर्षी मृगाच्या आधी ब्लेड बदला, मूळ लांबीचीच घ्या. डिझेलच्या धुराचा तेलकट थर साबणाच्या पाण्यानं धुवा. काचेवर तंबाखू किंवा कापलेला बटाटा चोळायची युक्ती आपल्या ड्रायव्हर मंडळींना ठाऊक आहे. पाणी थोडा वेळ पसरतं खरं, पण ती युक्ती गाडी कडेला घेण्यापुरती. घाट उतरायला ती वापरू नका.

गॅरेजातून गाडी घेताना पाणी मारून, मोठे दिवे, पंखे, सगळं चालू ठेवून वायपर पंधरा मिनिटं चालवून बघा. मिस्त्री कंटाळेल, कंटाळू दे. आणि गाडीत जी नवी सोय कराल तिला स्वतंत्र फ्यूज आणि स्वतंत्र अर्थ द्या.

वायपरची कल्पनाही अशीच एका बाईच्या निरीक्षणातून आली आहे. अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन यांनी न्यूयॉर्कच्या थंडीत ट्रामचा चालक काचेमुळे कसा हैराण होतो ते पाहिलं आणि आतून हातानं चालवायचा वायपर सुचवला. 10 नोव्हेंबर 1903 रोजी त्यांना त्याचं पेटंट मिळालं. त्यांना त्यातून पैसा मिळाला नाही. आज मात्र आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 प्रमाणे समोरची काच असलेल्या गाडीला चालू स्थितीतला वायपर असणं बंधनकारक आहे. आमची आत्या चौथी शिकलेली, पण पंखा आणि वायपर यांची सांगड तिनं घातली. गाडीत मागे बसलेल्यांचंही ऐकावं, हे दादा त्या रात्री शिकला आणि मीही.

शेवटी एक विनंती. दसऱ्यानंतर पुन्हा सहली निघतील. त्याआधीच्या एका रविवारी ज्यांच्याकडे जुन्या गाड्या आहेत त्यांनी त्या इथं मंडळासमोर आणाव्यात. टेस्ट लॅम्प, घासकागद आणि ग्रीस मी घेऊन येतो. आपल्या तरुण मुलांनी यावं आणि हात काळे करावेत. अर्ध्या तासात एक गाडी तपासून होते.

आणि तेवढं करूनही वाटेत वायपर थांबलाच, तर ओळखीचा रस्ता, घर जवळ आलं, उशीर होतोय, यातलं काहीही मनात आणू नका. गाडी थांबवा. घर कुठं जात नाही.

गणपती बाप्पा मोरया!