तणालाही नाव असते

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात, भाद्रपद महिन्यात वडोदरा येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



शाळेला साठ वर्षे पूर्ण होत असताना मुख्याध्यापिकेने निकाल, इमारत आणि शिष्यवृत्त्या यांविषयी बोलावे, अशी अपेक्षा असते. ती सर्व माहिती अहवालात आली आहे. मला आज मैदानामागच्या जमिनीच्या एका तुकड्याविषयी बोलायचे आहे. पाण्याच्या टाकीपासून कुंपणाच्या भिंतीपर्यंतची ती जागा आपण सर्वांनी पाहिली आहे. सध्या तिथे गुडघाभर गवत वाढले आहे. महोत्सवाच्या निमित्ताने तिथे पेव्हर ब्लॉक बसवून वाहनतळ करावा, असा प्रस्ताव विश्वस्तांपुढे आहे. त्यावर निर्णय होण्यापूर्वी माझे म्हणणे आपण ऐकून घ्यावे, ही विनंती.

प्रारंभीच एक कबुली देते. पाच वर्षांपूर्वी शाळेची तपासणी होती. परिसर स्वच्छ दिसावा म्हणून मीच त्या जागेवर तणनाशक फवारून घेतले. आठ दिवसांत सारे पिवळे पडले आणि मला समाधान वाटले. पुढच्या वर्षी गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी सहावीतील एक विद्यार्थिनी माझ्याकडे आली. “बाई, आजीने पत्री आणायला सांगितली आहे. आघाडा दरवर्षी टाकीपाशी मिळायचा. आता कुठून आणू?” मी तिच्याबरोबर टाकीपाशी गेले. तिथे आघाडा नव्हता. उघड्या पडलेल्या जमिनीवर सर्वत्र गाजरगवत माजले होते. अमेरिका खंडातून आलेले, जनावरे तोंड लावत नाहीत असे ते तण. स्वच्छतेच्या नावाखाली मी काय घालवले आणि काय ओढवून घेतले, हे त्या दिवशी मला कळले. त्याहून अधिक लाज वाटली ती एका गोष्टीची. तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या मला आघाड्याखेरीज त्या जागेतील एकाही झुडपाचे नाव खात्रीने सांगता आले नसते.

त्यानंतर दर शनिवारी शेवटच्या तासाला आम्ही त्या जागेत जाऊ लागलो. आमच्या पहिल्या गुरू ठरल्या त्या शाळेतील सेविका. त्या पंचमहालातील, माहेरी गुरे होती. एका गवताची काडी हातात घेऊन त्या म्हणाल्या, “आ झिंझवो छे, बेन. ढोरने बहु भावे.” झिंझवो म्हणजे आपले मारवेल. त्याच्या प्रत्येक पेरावर बारीक पांढऱ्या केसांचे कडे असते. ‘डायकँथियम ॲन्युलेटम’ या शास्त्रीय नावातील दुसऱ्या शब्दाचा अर्थही कडे असलेले असाच आहे.

मुलांनी वहीत तीन रकाने आखले: मराठी नाव, गुजराती नाव आणि शास्त्रीय नाव. दूर्वेसमोर धरो, आघाड्यासमोर अघेडो, विष्णुक्रांतेसमोर काळी शंखावळी. भाद्रपद शुद्ध अष्टमीला आपल्याकडे दूर्वाष्टमी असते. त्याच तिथीला शेजारच्या गुजराती घरांत धरो आठम पाळतात. दोन भाषांनी एकाच तृणाला एकाच दिवशी हात जोडावेत, हे मुलांना वहीमुळे समजले. एकदांडीचे गुजराती नाव परदेशी भांगरो. ती मूळची मध्य अमेरिकेकडची, आणि भाषेने तिचे परकेपण नावातच नोंदवून ठेवले आहे. हल्ली तण म्हणजे सारे एकच, असे आपण समजतो. जुन्या लोकांनी मात्र देशी कोण आणि पाहुणे कोण, हे नीट पाहिले होते.

गवत ओळखणे अवघड वाटते, कारण त्याच्या फुलांना पाकळ्या नसतात. परागकण वाहून नेण्याचे काम वारा करतो. कीटकांना बोलावण्यासाठी रंगांची गरज पडत नाही. म्हणून पेर पाहावे, पान खोडाला जिथे मिठी मारते तिथली पातळ जिव्हिका पाहावी, तुरा पाहावा. पावागडच्या सहलीत मुलांनी कुसळी गवताची कुसळे आणली. दुसऱ्याच्या डोळ्यातले म्हणून आपण ज्याचा उल्लेख करतो, ते कुसळ. त्यावर पाण्याचा थेंब टाकला की ते गरगर फिरू लागते आणि सुकले की पुन्हा पीळ घेते. अशा फिरण्याने ते आपले बी जमिनीत रुजवते. आपल्या टाकीपाशी केना आहे. त्याची निळी फुले दुपारपर्यंत मिटतात; परंतु तो जमिनीखालीही न उमलणारी फुले धरतो आणि तिथेच बी तयार करतो. प्रयोगशाळेत हे शिकवायला मला किती खर्च आला असता!

आता कोणी म्हणेल, गवत काढून झाडे लावावीत. झाडांना माझा विरोध नाही. पण गवताची जागा रिकामी असते, ही समजूत चुकीची आहे. महसुली दप्तरांत अशा जमिनीला पडीक किंवा खराबा म्हणतात आणि तो शब्द आपल्या मनात रुजतो. कच्छमधील बन्नीच्या विस्तीर्ण गवताळ प्रदेशालगत १९६० च्या दशकात रणाचा खारेपणा रोखण्यासाठी विदेशी बाभूळ लावली गेली. हेतू चांगला होता. ती इतकी पसरली की लोकांनी तिला गांडो बावळ, म्हणजे वेडी बाभूळ, असे नाव दिले. मालधारींच्या गुरांची चराई तिने गिळली. याउलट भावनगर संस्थानाने राखलेले वेळावदरचे कुरण टिकले. १९७६ साली ते काळविटांसाठी राष्ट्रीय उद्यान झाले. पावसाळ्यात तिथे एक पक्षी विणीसाठी येतो आणि नर गवतावरून उंच उड्या घेतो. मराठीत त्याला तणमोर म्हणतात, गुजरातीत खडमोर. दोन्ही नावांचा अर्थ गवतातला मोर. गवत गेले की या पक्ष्याला घर उरत नाही. २०२१ पासून त्याची गणना जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते.

हे काम केवळ पंडितांचे आहे, असेही नाही. जयकृष्ण इंद्रजी यांना महाविद्यालयीन शिक्षण मिळाले नव्हते. तरी बरडा डोंगरावरील वनस्पतींचा त्यांचा मोठा ग्रंथ १९१० साली गुजरातीत प्रसिद्ध झाला. आपल्याच शहरातील महाराजा सयाजीराव विद्यापीठातून चव्हाण आणि ओझा यांनी १९६६ साली पावागडच्या वनस्पतींची नोंद ग्रंथरूपाने दिली. आपल्या मुलांच्या दोन वह्या त्याच वाटेवरील छोटी पावले आहेत.

विश्वस्तांना माझी विनंती मोजकी आहे. वाहनतळासाठी प्रवेशद्वाराजवळची कठीण जमीन घ्यावी. थोडी गैरसोय होईल, ती आम्ही शिक्षक सोसू. मागच्या तुकड्यात तणनाशक फवारू नये. गवत दिवाळीनंतर, बी जमिनीवर पडल्यावरच कापावे आणि कापलेला चारा जवळच्या गोपालकांना द्यावा. गाजरगवत तेवढे फुलण्यापूर्वी मुळासकट उपटावे; ते मोठ्या माणसांनी, हातमोजे घालून. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरातील आजी-आजोबांकडून वनस्पतींची नावे लिहून पाठवावीत. ती नावे पुस्तकांत मिळतीलच असे नाही, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.

गुजरातच्या भूमीत मराठी शाळा चालवणाऱ्या आपल्याला हे समजणे कठीण जाऊ नये. दरवर्षी जूनमध्ये पहिलीच्या वर्गातील पट मोजताना माझ्या मनात जी धाकधूक असते, ती आपणांपैकी अनेकांना ठाऊक आहे. रोज वापरला तर शब्द टिकतो आणि बी पडू दिले तर गवत टिकते. दोन्हींसाठी थोडी जागा कोणीतरी जाणीवपूर्वक राखावी लागते.

तणनाशकानंतर चार पावसाळे गेले. गेल्या आठवड्यात टाकीच्या कडेला आघाड्याची तीन रोपे उगवलेली मुलांनी मला दाखवली. पत्रीसाठी ती तोडायची नाहीत, असे त्यांनी आपसांतच ठरवले आहे. मेळावा संपल्यावर चहापूर्वी आपण सर्वांनी त्या बाजूला एक फेरी मारावी. वाट मुले दाखवतील, नावेही तीच सांगतील.