लहान शाळेचा पट आणि निकाल

शाळेची पारख करावयाची म्हणजे दोन आंकडे पाहावयाचे, अशी रीत पडली आहे. एक पटाचा आणि दुसरा निकालाच्या टक्क्याचा. शहरांतील पांचशें मुलांच्या शाळेस ही रीत बरीचशी लागू पडते. परंतु डोंगरांतल्या वाडीवरची पंधरा मुलांची शाळा याच मापानें मोजूं गेल्यास माप चुकतें, आणि त्यावरून झालेला निर्णय त्या पंधरा मुलांस आयुष्यभर भोंवतो.

अशा शाळा थोड्याथोडक्या नाहींत. महाराष्ट्रांत २० हून कमी पट असलेल्या शाळा १४,७८३ असून त्यांत सुमारें १,८५,००० मुलें शिकतात, असें शिक्षण खात्याच्या २०२३ सालच्या हिशेबावरून दिसून आलें. सरासरी काढली तर एका शाळेच्या वांट्यास बारातेरा मुलें येतात.

पट घटण्याचें पहिलें कारण जन्मांचें. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें १९९२-९३ सालीं महाराष्ट्रांत स्त्रीमागें सरासरी २.९ अपत्यें होतीं. २०१९-२१ सालीं तें प्रमाण १.७ वर आलें. दुसरें कारण स्थलांतराचें. कोंकणांतून आणि घाटमाथ्यावरून तरुण कुटुंबें मुंबई-पुण्याची वाट धरतात. तिसरें असें कीं, ज्यास फी व गाडीभाडें झेपतें तो आपलें मूल तालुक्याच्या इंग्रजी शाळेंत धाडतो. मागें उरतात तीं बहुधा अल्पभूधारकांचीं, शेतमजुरांचीं आणि आदिवासी पाड्यांवरचीं मुलें. बीडसारख्या जिल्ह्यांत ऊसतोडीचीं बिऱ्हाडें दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघालीं कीं पटावरचीं कित्येक नांवें पुढें अनेक महिने नुसतीं कागदावर राहतात. अशा मुलांनीं गांवींच राहून शिकावें म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. पण जें मूल फडावर गेलें त्याचें वर्ष बहुतेक बुडालेंच. तेव्हां निकालांत दिसतें तें एकट्या शिक्षकाचें काम नव्हे. त्यांत गांवाची सारी परिस्थिति उतरलेली असते.

आतां टक्क्याकडे वळूं गेल्यास श्रोत्यांनीं मनाशीं एक हिशेब करून पाहावा. पांचवीच्या वर्गांत चार मुलें आहेत. चांचणीच्या दिवशीं त्यांतील एक तापानें फणफणलें व मागें पडलें, कीं निकाल १०० वरून ७५ वर उतरतो. पुढील वर्षीं वर्गांत चार चलाख मुलें आलीं कीं तो पुन्हा १०० होतो. शिक्षक तोच, फळा तोच, शिकविणेंही तेंच.

ही अडचण केवळ येथलीच नव्हे. अमेरिकेंत कांहीं ग्रामीण भागांत एकाच प्राथमिक शाळेचा स्वतंत्र शाळा-विभाग असतो, आणि तेथेंही आंकडे असेच फसवितात. हॉवर्ड वेनर या संख्याशास्त्रज्ञानें २००७ सालच्या एका लेखांत पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील १,६६२ शाळांच्या गुणांचा विचार केला. सर्वांत लहान ५० शाळांपैकीं ६ शाळा पहिल्या पन्नासांत आढळल्या. योगायोगानें एकदोनच यावयास हव्या होत्या. एवढ्यावरून लहान शाळा सरस, असें कोणीही म्हणेल. परंतु शेवटच्या पन्नासांत पाहतां तेथें त्याच लहान शाळांपैकीं ९ निघाल्या! मुलें थोडीं असलीं कीं सरासरी वरखालीं झोंके घेते. मोठ्या शाळेंत एकाची भर दुसऱ्याच्या तुटीशीं मिळून जाते. लहान शाळेंत तशी सोय नाहीं.

मग लहान शाळेंत उणें कांहींच नाहीं काय? पुष्कळ आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणें ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे चारपांच इयत्ता दोघांनींच सांभाळावयाच्या. पहिलीस अक्षरें गिरवावयास बसवून तिसरीचा भागाकार घ्यावयाचा, आणि त्यांतच पोषण आहाराचा हिशेब व माहितीचीं पत्रकें उरकावयाचीं. एक शिक्षक रजेवर गेला कीं सारी शाळा एका खोलींत येते. खेळावयास गडी पुरत नाहींत. म्हणून अशा शाळा एकत्र कराव्या, हा विचार अगदींच वावगा नाहीं. २०१७ च्या अखेरीस १० हून कमी पटाच्या सुमारें १,३०० शाळा बंद करण्याचें सरकारनें ठरविलें. २०२३ सालीं समूहशाळांचे प्रस्ताव मागविले.

परंतु त्याच कायद्याच्या नियमांप्रमाणें पांचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आंत असावयास हवी. हें अंतर नकाशावर सारखेंच दिसतें; आषाढांत ओढा भरून वाहूं लागला म्हणजे सहा वर्षांच्या मुलीस तें सारखें राहत नाहीं. शाळा दूर गेली व गाडी वेळेवर आली नाहीं, कीं ती मुलगी घरीं राहून धाकट्या भावंडास सांभाळूं लागते. यांत वाईट गोष्ट ही कीं, तिच्या घरीं बसण्यानें कोणाचाच टक्का घसरत नाहीं. जुनी शाळा बंद झालेली असते, आणि नव्या शाळेच्या परीक्षेस ती बसलेलीच नसते.

म्हणून लहान शाळेचा निकाल टक्क्यांनीं न मांडतां नांवनिशीवार मांडावा. कोणतें मूल जून महिन्यांत काय वाचीत होतें, एप्रिलांत काय वाचूं लागलें, किती दिवस हजर होतें, मध्यंतरीं बिऱ्हाड कोठें हललें, एवढें बारातेरा ओळींत लिहून होतें. एका वर्षावर न जातां तीनचार वर्षांच्या नोंदी एकत्र पाहाव्या. केंद्रप्रमुखांनीं व शाळा व्यवस्थापन समितीनें पालकांशीं बोलून, मगच शाळा ठेवावयाची कीं दुसरींत मिळवावयाची तें ठरवावें. मिळविलीच तर वर्षभरानंतर जुन्या पटावरील प्रत्येक नांव नव्या शाळेच्या हजेरींत आहे कीं नाहीं, हें कोणी तरी जाऊन पाहावें. बारातेरा नांवें तपासावयास एक सकाळ पुरते.