ढालीवरील खूण

बोटभर उंचीच्या शिशाच्या सरदाराच्या हाती ढाल द्यावयाची, तर ती नुसती रंगवून भागत नाही. ती आधी वाचता यावी लागते. बाराव्या शतकात पश्चिम युरोपात ढालींवर कुलचिन्हे रंगविण्याची चाल रूढ झाली. शिरस्त्राणाने मुख झाकलेल्या योद्ध्याची ओळख त्याची ढाल सांगे. तिच्या रंगांनाही नियम आहे. सोनेरी व रुपेरी हे ‘धातू’. तांबडा, निळा, काळा, हिरवा, जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू वा रंगावर रंग सहसा चढवीत नाहीत. कारण निळ्यावर सोनेरी दुरूनही उठून दिसते, काळे मात्र बुडून जाते. ढालीची उजवी बाजू ही ती धरणाराची उजवी. पाहणाराची ती डावी.

ही खूण केवळ शोभेची नव्हे, हक्काची होती. १३८५ साली इंग्लंडची फौज स्कॉटलंडवर चालून गेली, तेव्हा स्क्रोप व ग्रोव्हनर या दोघांच्या ढालींवर एकच चिन्ह आढळले : निळ्या भूमीवर सोनेरी तिरपा पट्टा. खटला चालला. शेकडो साक्षी झाल्या. कवी चॉसर हाही त्यांतलाच एक साक्षीदार. १३९० साली राजा दुसरा रिचर्ड याने स्क्रोपचा हक्क मान्य केला. ग्रोव्हनरने मग पट्ट्याच्या जागी गव्हाची सोनेरी पेंढी घेतली.

नखाएवढ्या ढालीवर तो पट्टा पाहणाराच्या डाव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यातून खाली उतरला पाहिजे. तो उलट ओढला, की ज्या खुणेसाठी दोन घराणी पाच वर्षे भांडली, ती खूणच पुसली जाते.