कुसळ, मुसळ आणि समाधान

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त तेलीबांधा, रायपूर येथे दिलेले भाषण)



आपण आज जेथे जमलो आहोत, त्या तेलीबांध्याच्या तलावाजवळून जाणारा जी. ई. रोड पश्चिमेस दुर्गावरून राजनांदगावास जातो. त्या राजनांदगावाशी एका मराठी कवीच्या आयुष्यातील मोठे स्थित्यंतर निगडित आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने तिकडे निघाले असता डब्यात एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. निरोप घेताना त्या गृहस्थाने 'नवा करार' त्यांच्या हाती ठेवला. वाचता वाचता टिळक येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी आले आणि तेथेच गुंतले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

मी स्वतः ख्रिस्ती नाही; माझ्या घरी गणपती बसतो. परंतु ते प्रवचन मी अनेकदा वाचले आहे. त्यात दोन उपदेश अगदी शेजारी येतात. पहिला असा की, उद्याची चिंता वाहू नका. आकाशातील पाखरांकडे आणि रानातील फुलांकडे पाहा. लगेच दुसरा असा की, इतरांचा निवाडा करू नका. कुसळ आणि मुसळ आपल्या म्हणीतही आहेत, तीच येथेही भेटतात. हे शेजार मला अर्थपूर्ण वाटते. जो सदैव दुसऱ्यास मापतो, तो त्याच मापाने स्वतःलाही मापतो. आणि मापणाऱ्याच्या वाट्याला समाधान येत नाही.

याचा दाखला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त मिळतो. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे विलक्षण वेड होते. त्या धुण्या-विसळण्याने घरातील माणसे जेरीस आली. पण इतके करूनही त्यांच्या मनाला स्वस्थता लाभली नाही. अशा घरात वाढलेल्या लक्ष्मीबाईंचा पती ख्रिस्ती झाला! काही वर्षे दोघे दुरावली. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले खाणेपिणे वेगळे ठेवीत. परंतु जातिभेद देवाने केलेला नसून माणसाने केलेला आहे, हे त्यांच्या मनाने घेतले आणि ते वेगळेपण त्यांनी स्वतःच मोडले. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पुस्तकात टिळकांचा संतापी स्वभाव आणि संसारातील अव्यवहारीपणा त्या लपवीत नाहीत. पण त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यातही उभे करीत नाहीत. सारे पाहून, सारे सांगून त्या हसतात. त्या हसण्यालाच मी समाधान म्हणतो.

टिळकांनीही १९१७ साली मिशनची चाकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती.

आता माझ्या मुसळाविषयी. इतरांवर शेरे लिहिणे हा माझ्या नोकरीचा भागच आहे. वीस-बावीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका गावी, माझ्या हाताखालील एक कारकून रोज उशिरा येई. त्याच्या गोपनीय अहवालात मी लिहिले, "कर्तव्याबाबत उदासीन." कारण विचारले नाही. त्याची बढती लांबली. माझी बदली झाली, त्या दिवशी सामान चढवायला तो स्टेशनवर आला आणि पाण्याची सुरई माझ्या हाती देऊन निघून गेला. तो गेल्यावर दुसऱ्या सहकाऱ्याकडून कळले, की अर्धांगवायूने खिळलेल्या आईला न्हाऊमाखू घालून, चार घास भरवून मगच त्याला घर सोडता येत असे.

मी वरिष्ठांना लिहिले. पण वेळ टळून गेली होती. त्या शेऱ्याची शाई मला पुसता आली नाही. तेव्हापासून मात्र प्रतिकूल शेरा लिहिण्यापूर्वी मी त्या माणसाला समोर बसवतो आणि विचारतो, "घरी सर्व ठीक आहे ना?" शेरा कधी लिहावाच लागतो. कामाचे मूल्यमापन टळत नाही. पण माणसाचा निवाडा करण्याचा अधिकार आपला नव्हे, तो परमेश्वराचा, हे ख्रिस्ती श्रद्धेचे सांगणे मला पटले आहे. तो भार खाली ठेवल्यापासून मला झोप बरी लागते.

मित्रहो, आपल्या मंडळातही एक सोवळे शिल्लक आहे, ते भाषेचे. पिढ्यान्‌पिढ्या छत्तीसगडात राहिलेल्या घरांतील मराठीत हिंदी आणि छत्तीसगढी शब्द मिसळतात. आणि बदलीवर आलेली माझ्यासारखी माणसे गालात हसतात. मीही हसलो आहे. पण आम्ही येण्यापूर्वी येथे गणपती बसवले कोणी, मुलांना मराठी अक्षरे शिकवली कोणी? ज्यांच्या मराठीला आम्ही हसतो, त्यांनीच. आज त्यांची क्षमा मागून मी माझे भाषण संपवतो.