देवळालीचा ताप

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

श्रोतेहो, आज एका दारूच्या कारखान्याविषयी बोलायचं आहे. दचकू नका. कारखाना लहान आहे आणि बोलणारा माणूस पीत नाही. पण मी शब्दांवर जगणारा माणूस, म्हणून सुरुवात शब्दापासून करतो.

माझं बालपण नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पात गेलं. अब्बांचं लॅम रोडच्या बाजूला शिवणकामाचं दुकान होतं. तोफखान्यातल्या साहेबांचे गणवेश उसवायचे, आवळायचे, बटणं बदलायची, हे त्यांचं काम. एकदा एका निवृत्त मेजरसाहेबांनी हसत हसत अब्बांना सांगितलं, की तुमच्या गावाचं नाव इंग्रजीच्या शब्दकोशात आहे आणि त्याचा अर्थ आहे वेडा. अब्बांना ते अजिबात आवडलं नाही. त्यांनी त्या दिवशी मेजरसाहेबांची पँट अर्धा इंच जास्तच आवळली, असा आमच्या घरात प्रवाद आहे.

गोष्ट खरी होती. १८६१ च्या सुमाराला इंग्रजांनी देवळालीला छावणी वसवली. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई इथे येऊन मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत. जहाजं सुटायची ती हिवाळ्याच्या मोसमात. मोसम हुकला की पुढचे कित्येक महिने काम नाही, कवायत नाही, नुसतं ऊन आणि माश्या. कुणी पिऊन धिंगाणा घाली, कुणी तापाने फणफणे, कुणी एकटाच बडबडत हिंडे. अशा शिपायाला ‘देवळालीचा ताप’ झालाय म्हणत. शिपायांच्या तोंडी देवळालीचं ‘डूलाली’ झालं. ताप मात्र आपला ताप तसाच राहिला, ‘डूलाली टॅप’. पुढे टॅप गळून पडला आणि नुसतं ‘डूलाली’ म्हणजे डोकं फिरलेला, असा शब्द विलायतेत रूढ झाला. बीबीसीने १९७४ साली एक विनोदी मालिका सुरू केली, तिचं कथानकही याच देवळालीच्या छावणीत घडतं.

हे सगळं आठवायचं कारण असं, की २००९ साली पुण्यात एक छोटी ब्रुअरी निघाली आणि तिचं नाव ठेवलं ‘डूलाली’. देशातल्या अगदी सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी ती एक. पुढे तिने मुंबईतही पाय पसरले. मी नाव घेतोय ते शब्दाच्या प्रेमापोटी, जाहिरात समजू नये. आकाशवाणीवर जाहिरातीचे पैसे वेगळे पडतात. पण विचार करा, आमच्या गावाचं नाव गोऱ्या शिपायांनी वेडं करून विलायतेला नेलं, आणि दीडशे वर्षांनी ते नाव बिअरच्या ग्लासावर बसून परत महाराष्ट्रात आलं. अब्बा तेव्हा हयात होते. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘‘म्हणजे अजून उतरला नाही म्हणायचा ताप.’’

शब्दांचा असा उलटसुलट प्रवास बघायला मला फार आवडतं. आता ‘अल्कोहोल’ हाच शब्द घ्या. तो मूळचा अरबी, ‘अल-कुहल’. कुहल म्हणजे डोळ्यात घालायचा सुरमा. बारीक वस्त्रगाळ केलेली पूड, मग कुठल्याही पदार्थाचा काढलेला अर्क, असं करत करत युरोपात तो शब्द मद्यार्कावर जाऊन बसला. म्हणजे ज्या घरांमध्ये हा पदार्थ निषिद्ध, त्याच घरांमध्ये त्याची मूळ डबी ईदच्या दिवशी आरशाजवळ ठेवलेली असते.

आणि आम्हा गझल लिहिणाऱ्यांचं काय विचारता! साकी, प्याला, मैखाना यांच्याशिवाय आमचा संसार चालत नाही. उर्दूत रियाज खैराबादी नावाचे मोठे शायर होऊन गेले, १९३४ साली ते वारले. मदिरेवरच्या शेरांसाठी त्यांचं नाव आजही घेतात, आणि त्यांनी स्वतः आयुष्यात कधी थेंबाला स्पर्श केला नाही असं सांगतात. मराठीत माधव जूलियनांनी उमर खय्यामच्या रुबाया आणल्या, त्यालाही आता शंभर वर्षं होत आली. माझ्यासारख्याने मैखाना पाहिला तो असा पुस्तकातच.

खरा पाहिला तो एका आमंत्रणामुळे. पुण्याच्या पूर्वेला, जिथे पूर्वी मळे होते आणि आता काचेच्या इमारती आहेत, तिथे एक छोटी ब्रुअरी आहे. तिचं नाव सांगत नाही. तिथे महिन्यातून एकदा कवितेची संध्याकाळ करतात. मला बोलावणं आलं. मोहल्ल्यात बातमी माझ्याआधी पोचली. कुणी म्हणालं, जाऊ नका. कुणी म्हणालं, जा, पण सांगू नका. मला दुसरा सल्ला पहिल्यापेक्षा वाईट वाटला. मी सांगून गेलो.

आत गेल्यावर पहिला परिणाम डोळ्यांवर नाही, नाकावर होतो. वास दारूचा नाही. पेजेचा वास, ताज्या भाकरीचा, थोडासा उसाच्या गुऱ्हाळाचा. काचेपलीकडे स्टीलच्या उंच टाक्या, अगदी डेअरीसारख्या. फळ्यावर खडूने त्या दिवशीच्या बिअरची नावं लिहिलेली. टेबलांवर मुलंमुली, कुणी पत्ते खेळतंय, कुणी लॅपटॉप उघडून बसलंय. मला त्यांनी कोकम सरबत दिलं आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. परमिट रूम म्हणजे अंधार, लाल पडदा आणि कोपऱ्यात तोंड लपवून बसलेले ओळखीचे मास्तर, हे माझ्या डोक्यातलं चित्र होतं. तसं पाहिलं तर परमिटचा कायदा आजही आहे. मुंबई राज्यात १९५० साली पूर्ण दारूबंदी आली, ती पुढे सैल झाली, पण १९४९ चा मूळ कायदा राहिला. आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा, आणि त्या परवान्याची भाषा अशी, की प्रकृती राखण्यासाठी हे पिण्याची मुभा देण्यात येत आहे! आमच्या उर्दू शायरांना एवढी सुंदर सबब कधी सुचली नाही.

मी तिथे मैखान्याच्या गझला वाचल्या नाहीत. ठरवून वाचल्या नाहीत. ज्या बैठकीत कुणाच्याच हातात प्याला नसतो, तिथे शब्दातला प्याला भरून वाहतो. इथे प्रत्येकाच्या समोर खराच ग्लास, त्याचं बिलही येणार. तिथे माझा साकी काय करणार? मी अब्बांच्या शिलाई मशीनवरच्या कविता वाचल्या. मुलांनी त्या शांतपणे ऐकल्या, आणि अनेक साहित्यसंमेलनांत मला तशी शांतता मिळालेली नाही, हेही सांगून टाकतो.

कार्यक्रम संपल्यावर रबरी बूट घातलेला एक मुलगा समोर आला. ‘‘सलाम चाचा.’’ पाहतो तर आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा. सूक्ष्मजीवशास्त्रात बी.एस्सी. झालेला. कुठल्याशा फूड कंपनीत आहे, एवढंच आम्हाला माहीत होतं. तो इथे बिअर बनवत होता.

त्याने मला आत नेऊन सगळं दाखवलं, त्याच्या आवाजात लपवाछपवी नव्हती, उलट आपलं काम दाखवणाऱ्या कारागिराचा उत्साह होता. सातू, म्हणजे जव, भिजवून मोड आणतात आणि भट्टीत वाळवतात. ते माल्ट तयार होऊन पोत्यांत येतं. ते इथे भरडायचं आणि साधारण ६५ अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचं. धान्यातल्या पिठाची साखर होते. मग गोड पाणी गाळून वेगळं काढायचं, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं घालून उकळायचं. कडूपणा येतो तो या फुलांमुळे. मग ते एकदम थंड करून टाकीत घ्यायचं आणि यीस्ट सोडायचं. ‘‘इथवर आम्ही राबतो, चाचा. यापुढे यीस्ट राबतं. आपण फक्त त्याला ताप आलाय का ते बघायचं.’’ टाकीच्या तापमानाविषयी तो ताप हाच शब्द वापरत होता. देवळालीची गोष्ट त्याला माहीत नव्हती.

मी विचारलं, ‘‘चव?’’ तो म्हणाला, ‘‘चव घ्यायला दुसरा आहे. मी आकडे बघतो, वास घेतो.’’ मी पुढे विचारलं नाही.

कवी म्हणून मला एक गोष्ट तिथे आठवली. आजच्या इराकच्या भूमीत, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वीचं, निन्कासी नावाच्या देवीचं स्तोत्र सापडलं आहे. ती बिअरची देवता. त्या स्तोत्रात बिअर बनवण्याची रीतच गुंफलेली आहे. कविता आणि पाककृती एकाच विटेवर. तेव्हापासूनचा हा धंदा. आमच्याकडेही खजूर किंवा मनुका रात्रभर पाण्यात भिजवून त्याचं गोड पाणी पिण्याची जुनी रीत आहे, त्याला नबीझ म्हणतात. ते कुठल्या दिवसापर्यंत सरबत आणि कुठल्या दिवसापासून हराम, यावर फकिहांनी शतकानुशतकं खल केला आहे. रेषा आखावी लागते, कारण यीस्ट कुणाला विचारून काम करत नाही.

पाकिस्तानातली गंमत तर याहून मोठी. १८६० साली मरीच्या डोंगरात इंग्रजांनी ब्रुअरी काढली. जालियनवाला बागेतल्या जनरल डायरचे वडील तिचे व्यवस्थापक होते, डायर जन्मला तोच मरीला. १९७७ मध्ये पाकिस्तानात मुसलमानांना दारूबंदी झाली, तरी रावळपिंडीत ती ब्रुअरी चालू आहे, भंडारा या पारशी कुटुंबाच्या मालकीची. कादंबरीकार बाप्सी सिध्वा याच घरातल्या. तिथल्या कामगारांच्या घरी काय बोलणं होत असेल, हे मी आता आमच्या गल्लीवरून ताडू शकतो.

कारण आमच्या गल्लीत शेवटी समजलंच. मुलाचे वडील पाच वेळचे नमाजी. पहाटे गोठ्यात, मग मशिदीत, मग दुधाची किटली घेऊन दारोदार. दारू बनवणारा, वाहून नेणारा, विकणारा, सगळ्यांवर लानत असल्याची हदीस त्यांना पाठ. त्यांनी मुलाला घराबाहेर काढलं नाही. एवढंच केलं, की त्याच्या पगाराचा रुपया घरात घेणं बंद केलं. एका ताटात जेवायचे, पण भाजी वडिलांच्या पैशाची. लग्नाची स्थळं येईनाशी झाली. आई मुलाच्या बायोडाटावर ‘अन्नप्रक्रिया’ लिहायची, वडील तो शब्द खोडायचे. ‘‘खोटं लिहून मुलगी आणायची नाही,’’ म्हणायचे.

२०२० चा लॉकडाउन आला. बार बंद. ही बिअर बाटलीबंद बिअरसारखी महिनोन्‌महिने टिकत नाही. पुण्या-मुंबईतल्या लहान ब्रुअऱ्यांना भरलेल्या टाक्या गटारात सोडाव्या लागल्या. घरी नेण्यासाठी विकायची परवानगी पुढे मिळाली, पण तोवर पुष्कळ वाहून गेलं होतं. या मुलाने स्वतःच्या हाताने नळ उघडला. घरी येऊन सांगितलं, तेव्हा वडील म्हणाले, ‘‘मदिनेच्या गल्ल्यांतून अशीच वाहिली होती.’’ मुलगा काही बोलला नाही. त्याचा पगार निम्म्यावर आला होता, मोटरसायकलचे हप्ते थकले होते. त्याचे पैसे न घेणाऱ्या त्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुधाच्या हिशेबातून त्याचा हप्ता भरला. मला हे मुलानेच सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

आता ताजी खबर. ब्रुअरीत साखर काढून घेतल्यावर जो भरडा उरतो, त्याची रोज पोती निघतात. ओला असल्याने उन्हाळ्यात एक-दोन दिवसांत आंबतो. जनावरांना मात्र तो उत्तम, प्रथिनं भरपूर. मुलाने घाबरत घाबरत दोन ड्रम गोठ्यावर पाठवले. म्हशींनी ते आंबोण चाटूनपुसून खाल्लं. मग त्यांचे मालक तडक माझ्या घरी आले.

‘‘शायरसाहेब, तुम्ही पुस्तकं वाचता. हे दूध मी लोकांच्या पोरांना पाजू की नको?’’

मी म्हटलं, ‘‘भाईजान, भरडा आधीच बाहेर निघतो. यीस्ट पडतं ते नंतर. यात दारूचा अंशही नाही. भाकरी भिजवल्यासारखंच आहे.’’

‘‘नक्की?’’

‘‘मी डोळ्यांनी पाहून आलोय.’’

त्यांनी बराच वेळ विचार केला. मौलानांनाही विचारून ये म्हणून मी सुचवलं. ते आधीच विचारून आले होते, दुसरं मत घ्यायला माझ्याकडे आले होते. उठताना म्हणाले, ‘‘म्हणजे इथपर्यंत हलाल. मग पोराला सांगा ना, इथेच थांब म्हणावं.’’

मी तो निरोप पोचवला. मुलगा हसला, थांबला नाही. भरड्याचे पैसे तो वडिलांकडून घेत नाही आणि वडील फुकट घेत नाहीत, त्यामुळे ड्रमच्या बदल्यात रोज एक लिटर दूध ब्रुअरीत जातं. तिथल्या मुलांचा सकाळचा चहा त्याच दुधाचा होतो. टेम्पो येतो मंगळवारी आणि शुक्रवारी. शुक्रवारी तो जुम्याच्या आधी यावा, एवढी एकच अट वडिलांनी घातली आहे. म्हशींना वारही पाठ झालेत. टेम्पोचा हॉर्न वाजला की पाचही जणी उठून उभ्या राहतात.