जरा बाजूला हो

(गडहिंग्लज येथे युवकांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मी गोदीत माल उचलणारा माणूस. मॅट्रिकपुढं शिकलो नाही. फोटोग्राफीवर बोल म्हणालात तेव्हा हसूच आलं. पण विषय टाकून दिलेल्या वस्तूंचा आहे म्हटल्यावर गप्प बसवेना. टाकून दिलेलं म्हणजे काय, ते आपल्याइतकं कुणाला कळणार?

एक दिवस गोदीत एक कॅमेरावाला आला. शेडच्या कोपऱ्यात गोण्या ओढायचा जुना हूक पडला होता. गंजलेला, मूठ झिजलेली. त्याला ब्लॅक अँड व्हाइट फोटो हवा होता. मी शेजारी डबा खात होतो. तो म्हणाला, "जरा बाजूला हो, फ्रेममध्ये येतोयस." मी सरकलो. ती मूठ आमच्याच हातांनी झिजलेली, आणि मी सरकलो! त्याची लाज अजून जात नाही.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला काय वापरायला द्यायचं ते लिहून ठेवलंय. अंगावर मढ्याचे कपडे, जेवायला फुटकी भांडी, दागिना लोखंडाचा. गावानं टाकलं ते आपण उचलायचं, असा कायदाच केला साल्यांनी. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी ती पोथी जाळली, ती याचसाठी.

आता दुसरीकडं बघा. अर्व्हिंग पेन नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरनं १९७२ साली न्यूयॉर्कच्या रस्त्यावरची सिगरेटची थोटकं गोळा करून त्यांचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढले. १९७५ ला ते तिथल्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले. फोटो जबरदस्त आहेत, खोटं कशाला बोलू? थोटूक देवळाच्या खांबाएवढं दिसतं. पण ते टाकणारा दिसत नाही, आणि सकाळी झाडू घेऊन येणारा तर नाहीच नाही.

असंच करावं लागतं असंही नाही. पॅरिसच्या युजीन अत्जेनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वेशीबाहेरच्या चिंध्या वेचणाऱ्यांच्या वस्तीत कॅमेरा नेला. आपल्या सुधारक ओलवेंनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो काढले. त्यात कचरा आहे, गटार आहे, आणि त्यात उतरलेला माणूसही आहे. त्याचं घर आहे, बायकापोरं आहेत. २०१६ साली ओलवेंना पद्मश्री मिळाली. गटारात उतरणाऱ्याला काय मिळालं, ते मी सांगायला नको.

ब्लॅक अँड व्हाइट का, असं विचाराल. फिल्मच्या जमान्यातल्या फोटोची एक गोष्ट मला फार आवडते. त्या कागदावर चांदीच्या क्षारांचा लेप असतो. जिथं उजेड पडतो तिथं धुलाईत त्याची चांदी होते, आणि ती चांदी काळी दिसते. पांढरं म्हणजे नुसता कोरा कागद. जन्मभर आपल्याला उलटं शिकवलं! मोबाइलच्या फोटोत चांदी नसते, पण तेवढं ध्यानात ठेवा.

आणि एक धोकाही ध्यानात ठेवा. रंग काढला की गंज देखणा होतो. मैला, रक्त, शेवाळ सगळं एकाच करड्या रंगाचं होतं, आणि वास तर कुठल्याच फोटोला येत नाही.

आता आपल्या घरात या. गडहिंग्लज, आजरा, चंदगडची किती माणसं मुंबईच्या गिरण्यांत गेली! १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले. कित्येकांना पुन्हा आत जाताच आलं नाही. माझा आजा पत्र्याची ट्रंक घेऊन परत आला. पुढं बंद गिरण्यांत कॅमेरे गेले. गंजलेले माग, कोळिष्टकं, फुटक्या काचांतून येणारं ऊन. माग चालवणारा मात्र गावाकडं खोकत बसला होता. त्याच्याकडं कुणी कॅमेरा घेऊन आलं नाही.

ती ट्रंक आमच्या माळ्यावर आहे. तशा ट्रंका तुमच्याही माळ्यावर असतील. फुटका कंदील, झिजलेला झाडू, आईचं तुटलेलं खुरपं, बापाची घासलेली चप्पल. काढा फोटो. तुमच्या खिशात मोबाइल आहे, कुणाची परवानगी नको. फक्त प्रत्येक फोटोखाली लिहा, ही वस्तू कुणी वापरली, कुणी टाकली, कुणी उचलली. नावानिशी लिहा. आणि ते माणूस जिवंत असेल तर त्याला वस्तूशेजारी उभं करा.

पुढच्या खेपेला कुणी "जरा बाजूला हो" म्हणाला, तर मी हलणार नाही. तुम्हीही हलू नका.

जयभीम.