सिगारेटमधील फसवा गारवा



यवतमाळ जिल्ह्यात तंबाखू म्हटली की प्रथम खर्रा आठवतो. परंतु नोंदणीच्या टेबलावर व्यसनाविषयी विचारले असता आमच्या कानी आणखी एक उत्तर पडते : ‘तसे काही नाही, थंड सिगारेट घेतो, ती घशाला लागत नाही.’ हे उत्तर आम्हांस अधिक चिंताजनक वाटते.

हा गारवा मेन्थॉलचा, म्हणजे पुदिन्यातील अर्काचा. कपाळाला बाम चोळल्याने ताप उतरत नाही, केवळ गार वाटते. तसेच येथे घडते. मेन्थॉल थंडी ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवते. धुरातील निकोटीन व टार कायम राहतात, झोंबणे मात्र कमी भासते. नवख्याला मागे फिरवणारा ठसकाच नाहीसा झाल्याने सवय सहज जडते. म्हणूनच कॅनडाने २०१७ मध्ये आणि युरोपीय संघाने २०२० मध्ये मेन्थॉल सिगारेटवर बंदी घातली. आता पुदिन्याचा वास नसलेली, तरी गारवा देणारी कृत्रिम रसायनेही काही देशांतील सिगारेटींत आढळली आहेत.

यास्तव नोंदपत्रिकेत आम्ही विडी, खर्रा, सिगारेट आणि ‘थंड’ सिगारेट असे स्वतंत्र रकाने ठेवले आहेत. आप्तजनांनी ‘थंडच घेतो’ हे समर्थन मान्य करू नये, ही नम्र विनंती. व्यसन सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

उपचारावरील प्रत्येक रुपयाचा हिशेब या अहवालात आहे. टळलेल्या आजाराची पावती मात्र फाडता येत नाही. तरीही आमच्या लेखी तीच मोठी जमा होय.